बिनरस्त्याचं गाव

(वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



चुन्यापासून सुरुवात करतो. साल 1905. आजच्या चेक प्रजासत्ताकात ओलोमोउत्स नावाचं शहर आहे. तेव्हा ते ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होतं. तिथल्या डॉ. एडुआर्ड झिर्म यांच्याकडे आलोइस ग्लोगार नावाचा पंचेचाळीस वर्षांचा मजूर आला. चुन्यानं भाजून त्याचे दोन्ही डोळे गेले होते. त्याच सुमारास कार्ल ब्राउअर नावाचा अकरा वर्षांचा मुलगा त्यांच्या रुग्णालयात होता. डोळ्यात लोखंडाचा तुकडा घुसलेला, आणि तो डोळा काढण्यावाचून इलाज नव्हता. 7 डिसेंबर 1905 या दिवशी झिर्म यांनी मुलाच्या काढलेल्या डोळ्याच्या पारदर्शक पडद्यातून दोन चकत्या कापल्या आणि मजुराच्या दोन्ही डोळ्यांवर बसवल्या. एक चकती गेली. दुसरी टिकली, स्वच्छ राहिली, आणि ग्लोगार पुन्हा कामाला जाऊ लागला. एका माणसाचा कॉर्निया दुसऱ्याला बसवून यशस्वी झालेली ही पहिली शस्त्रक्रिया.

देणारा तोच, घेणारा तोच, दिवस तोच, हात तोच. तरी एक गेली आणि एक टिकली. गेलेली चकती शरीरानं नाकारली म्हणूनच गेली, असं मी म्हणणार नाही. तो काळच असा होता की जंतूंनी किंवा सैल बसवणुकीनंही ती जाऊ शकली असती. पण परक्याचं मांस आपल्या अंगात कधी टिकतं आणि कधी टिकत नाही, हा प्रश्न त्या दिवसापासून डोळ्यांच्या डॉक्टरांच्या मागे लागला. कृष्णेच्या दोन्ही काठांवर मी आयुष्यभर डोळ्यांचे रुग्ण तपासले. त्या सगळ्या वर्षांत हा प्रश्न माझ्याही मागे होता.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. डोळ्यात जे काळं दिसतं त्याच्यावर घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो. तो कॉर्निया. पुस्तकात त्याला नेत्रपटल म्हणतात, आपल्याकडे सरसकट बुबुळ म्हणतात. जाडी मध्यभागी जेमतेम अर्धा मिलीमीटर. जखम झाली किंवा जंतू शिरले की तो पांढरा होतो, आणि घरचे म्हणतात, ‘डोळ्यात फूल पडलं.’ फूल पडलेला भाग कापून तिथं मृत व्यक्तीच्या डोळ्यातली स्वच्छ चकती शिवणं, हे बुबुळरोपण. नेत्रदानात मुख्यतः उपयोगी पडतो तो हा पडदा. सबंध डोळा बसवून दृष्टी परत आणता येत नाही.

परकं का टिकत नाही हे पाहायला आता पुण्याकडे वळू. 1794 साली लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’ या मासिकात एक हकीकत छापून आली. कावसजी नावाचा बैलगाडीवान इंग्रजांच्या फौजेबरोबर होता. टिपूच्या सैन्यानं त्याला पकडलं आणि त्याचं नाक कापलं. पुढे पुण्याजवळ एका देशी कारागिरानं त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून नवं नाक घडवलं. ती हकीकत वाचून युरोपातले शल्यविशारद चकित झाले आणि पुढे त्यांनी ही रीत उचलली. ते नाक टिकलं, कारण कातडी कावसजीची स्वतःचीच होती. शेजाऱ्याची कातडी लावली असती तर दोन आठवड्यांत ती काळी पडून गळाली असती. कारागिराचा हात कितीही कुशल असता तरी गळाली असती.

असं का होतं याचा उलगडा व्हायला दुसऱ्या महायुद्धातले भाजलेले सैनिक यावे लागले. पीटर मेडावर हा ब्रिटिश शास्त्रज्ञ त्यांच्यासाठी कातडीरोपणाचा अभ्यास करत होता. त्याच्या लक्षात आलं की परकी कातडी गळून पडते, आणि त्याच दात्याची कातडी दुसऱ्यांदा लावली तर ती आणखी लवकर गळते. म्हणजे शरीर परक्याला ओळखतं आणि ती ओळख विसरत नाही. ओळखणारे पहारेकरी म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी, त्यातही टी पेशी. आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीवर घराण्याची खूण असावी तशी काही प्रथिनं असतात. ती निराळी दिसली की टी पेशी चालून जातात. पुढे मेडावरनं दाखवलं की उंदराच्या पिल्लाला जन्माआधीच परक्या पेशींची ओळख करून दिली, तर मोठेपणी ते त्या परक्याची कातडी आपलीच मानतं. या सहिष्णुतेच्या शोधाबद्दल त्याला आणि मॅक्फर्लेन बर्नेटला 1960 चं नोबेल पारितोषिक मिळालं.

पण आजच्या विषयाला त्याचा एक आधीचा प्रयोग जास्त जवळचा आहे. 1948 साली त्यानं सशाच्या डोळ्याच्या आत, कॉर्नियामागच्या पाण्याच्या पोकळीत, दुसऱ्या सशाची कातडी ठेवली. ज्या तुकड्यापर्यंत रक्तवाहिन्या पोहोचल्या नाहीत, तो टिकला.

हे समजावताना मी नेहमी कोयनेचं उदाहरण देतो. कोयना धरणाचा शिवसागर जलाशय भरला तेव्हा बामणोली-तापोळ्याच्या आसपासच्या आणि कांदाटी खोऱ्यातल्या कितीतरी गावांचा रस्ता तुटला. लाँच हीच त्यांची वाट झाली. अशा गावात कुणी परका येऊन राहिला, तर तालुक्याला कळणार कसं? आणि कळलं तरी शिपाई येणार कसा? कॉर्निया हे असं बिनरस्त्याचं गाव आहे. निरोगी कॉर्नियात एकही रक्तवाहिनी नसते. तो प्राणवायू थेट हवेतून घेतो, आणि अन्न घेतो मागच्या पाण्यातून. परक्याची खबर लसिकागाठींपर्यंत नेणाऱ्या लसिकावाहिन्याही तिथं नसतात. रस्ता होऊ नये याची तजवीज कॉर्निया स्वतःच करतो. रक्तवाहिन्यांना ‘इकडे या’ असं सांगणारं एक रसायन शरीरात असतं. कॉर्निया असं एक प्रथिन तयार करतो की ते या रसायनाला आधीच धरून ठेवतं. 2006 साली हा शोध लागला, आणि त्याची खातरजमा झाली ती मॅनटी या पाण्यातल्या प्राण्यावरून. त्याच्या कॉर्नियात हे प्रथिन नसतं, आणि खरोखरच त्याच्या कॉर्नियात रक्तवाहिन्या असतात.

पण रस्ता नाही एवढ्यानं भागत नाही. बरीच वर्षं डॉक्टरांची समजूत अशी होती की डोळा पहारेकऱ्यांपासून नुसता लपून बसतो. 1970 च्या दशकात कॅप्लन आणि स्ट्राइलाइन या संशोधकांनी ती समजूत मोडली. डोळ्याच्या पोकळीत परक्या पेशी सोडल्या तर शरीराला त्यांची खबर लागते. मात्र ती खबर वेगळ्या वाटेनं, पाणथरीपर्यंत म्हणजे प्लीहेपर्यंत जाते, आणि तिथून उलटा हुकूम सुटतो: या परक्यावर चालून जाऊ नका. उंदराची पाणथरी काढून टाकली तर हा हुकूम सुटतच नाही. शिवाय डोळ्यातल्या पाण्यात लढाई थंड करणारी द्रव्यं असतात. डोळ्याच्या आतल्या पेशींवर असं एक प्रथिन असतं की चवताळून आलेली टी पेशी त्याला भिडली की स्वतःच मरते. सहिष्णुता हे डोळ्याचं अखंड चालणारं काम आहे, आणि माझ्या मते या सगळ्या विद्येतली ही सर्वांत मोलाची गोष्ट आहे.

डोळा एवढा खटाटोप का करतो, याचं उत्तर कॉर्नियाच्या सर्वांत आतल्या थरात आहे. हा थर एका पेशीइतकाच जाड. मोठ्या माणसात एका चौरस मिलीमीटरला सुमारे अडीच हजार पेशी. त्या अहोरात्र कॉर्नियातलं पाणी बाहेर उपसतात, म्हणून तो पारदर्शक राहतो. एक पेशी मेली तर तिच्या जागी नवी येत नाही. शेजारच्या पेशी पसरून जागा भरतात. फारच कमी उरल्या की उपसा थांबतो, कॉर्निया फुगतो आणि दिसेनासं होतं. हातावरच्या जखमेत पहारेकऱ्यांनी लढाई केली तर वण राहतो आणि हात पुन्हा कामाला लागतो. डोळ्यात तीच लढाई झाली तर जिंकूनही डोळा आंधळा होतो.

या व्यवस्थेमुळे बुबुळरोपणाला मोठी सवलत मिळाली आहे. रक्त देताना गट जुळवावाच लागतो. मुंबईच्या डॉ. य. मो. भेंडे आणि सहकाऱ्यांनी 1952 साली ‘बॉम्बे’ रक्तगट जगापुढे आणला. त्या गटाच्या माणसाला ‘ओ’ गटाचं रक्तसुद्धा चालत नाही. मूत्रपिंडासाठी तर पेशींच्या खुणा तपासून जोडी लावतात. कॉर्नियासाठी सर्वसाधारणपणे यातलं काहीच जुळवत नाहीत. शांत, रक्तवाहिन्या नसलेल्या डोळ्यावर पहिलंच रोपण असेल, तर वर्षाअखेर शंभरातली नव्वदच्या आसपास स्वच्छ असतात. तीही नुसत्या थेंबांवर, पोटात औषध न घेता.

इथं श्रोते हटकून विचारतात, मोतीबिंदूत बसवलेलं भिंग का नाकारलं जात नाही? ते प्लास्टिकचं असतं, त्याच्यावर कुठल्याच घराण्याची खूण नसते. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यात विमानाच्या काचेचे प्लास्टिकचे तुकडे शिरूनही डोळे शांत राहिलेले हॅरॉल्ड रिडली या डॉक्टरनं पाहिले, आणि 1949 साली पहिलं भिंग बसवलं. मिरजेच्या रुग्णालयात 1894 पासून, डॉ. वॉनलेस यांच्या काळापासून, लोक मोतीबिंदूसाठी गाड्या जोडून येत आले. त्यामुळे या भागात डोळ्याचं ऑपरेशन म्हणजे मोतीबिंदू, आणि ऑपरेशन झालं की काम संपलं, असं पक्कं बसलं आहे. बुबुळरोपणाला ही समजूत लावली की घात होतो.

आता मूळ दुखण्याकडे येतो. नव्वद टक्क्यांचा तो आकडा शांत डोळ्यांचा आहे. सातारा-सांगलीच्या शेतमळ्यातून येणारा डोळा शांत नसतो.

उसाच्या पानाची कड करवतीसारखी असते. तोडणीच्या हंगामात, पाचट ओढताना, मळणीत, कडब्याची कुट्टी करताना डोळ्याला ओरखडा बसतो किंवा कुसळ जातं. पानाबरोबर बुरशी आत जाते. दोन दिवस माणूस पदर किंवा रुमाल गरम करून शेकतो. कुणी जिभेनं कुसळ काढून देतं, कुणी मध घालतं, कुणी एरंडेल. तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोळा लाल, पाणी वाहतंय, काळ्यावर पांढरा ठिपका. आणि इथं ज्या गोष्टीचा मला आजही मनस्वी संताप येतो ती घडते. कुणीतरी न तपासता स्टेरॉइडचे थेंब देतं. दोन दिवस लाली उतरते आणि माणसाला बरं वाटतं. लाली उतरते ती पहारेकरी झोपवले म्हणून. बुरशी त्या वेळात मोकळेपणानं खोल जाते. असे डोळे माझ्यापुढे आले तेव्हा बुरशीवरच्या नॅटामायसिनच्या थेंबांची वेळ टळून गेलेली असे आणि कॉर्नियाला भोक पडायच्या बेतात असे. मग डोळा वाचवण्यासाठी, पेटलेल्या अवस्थेतच, मोठी चकती बसवावी लागते. ती कडेपर्यंत जाते आणि कडेला रक्तवाहिन्या टपलेल्याच असतात.

आणि चुना. ग्लोगारचा चुना शंभर वर्षांत ओलोमोउत्सहून इथं आला असं वाटावं इतका तो आपल्याकडे आहे. तंबाखूबरोबर मिळणारी चुन्याची पुडी लहान मूल दाबतं, ती फुटते आणि चुना थेट डोळ्यात उडतो. चुना नुसता भाजत नाही. काळ्या-पांढऱ्याच्या सीमेवर मूळपेशींचं एक कुंपण असतं. रक्तवाहिन्यांना तेच अडवतं. चुना ते कुंपण जाळतो. काही आठवड्यांत रक्तवाहिन्या कॉर्नियावर चढतात, आणि त्यांच्याबरोबर लसिकावाहिन्याही. गावाला रस्ता झाला. आता त्या डोळ्यावर उत्तमातली उत्तम चकती बसवली तरी तिची खबर गाठींपर्यंत जाणार आणि टी पेशी येणार. अशा डोळ्यांतली निम्मी किंवा त्याहून जास्त रोपणं काही वर्षांत जातात. आधी मूळपेशींचा बंदोबस्त केल्याशिवाय चुन्याच्या डोळ्यावर साधं रोपण करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. दान मिळालेला कॉर्निया असा वाया घालवण्याचा आपल्याला अधिकार नाही.

2015 ते 2019 या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीच्या आतल्या अंधांमध्ये पांढरा पडलेला कॉर्निया हे सर्वांत मोठं कारण निघालं, साडेसदतीस टक्के. ही माणसं कमावत्या वयाची आहेत.

नकार कसा येतो ते सांगतो, कारण तो ओळखायचं काम घरच्यांचं आहे. रोपणानंतर महिन्यांनी, कधी वर्षांनीही, डोळा लाल होतो, उजेड सहन होत नाही, धूसर दिसू लागतं, दुखतं. यंत्रातून पाहिलं तर कधी कधी चकतीच्या आतल्या बाजूला पांढऱ्या पेशींची एक रेघ दिसते. खोदादुस्त या इराणी डॉक्टरचं नाव तिला आहे. त्यांनी आणि सिल्व्हरस्टीन यांनी 1969 साली सशांवर ती दाखवून दिली. ती रेघ वणव्यासारखी कडेकडून आत सरकते आणि मागं मेलेल्या पेशी ठेवत जाते. एक-दोन दिवसांत माणूस आला तर दर तासाला स्टेरॉइडचे थेंब घालून बहुतेक वेळा ती परतवता येते. पंधरा दिवसांनी आला तर परतवण्यासारखं काही उरलेलं नसतं.

म्हणजे पाहा, औषध एकच. बुरशीच्या डोळ्यात तेच थेंब डोळा घालवतात आणि रोपणाच्या डोळ्यात तेच डोळा वाचवतात. तपासल्याशिवाय कोणता डोळा कोणता हे कळत नाही. रोपणाच्या डोळ्यातही त्यांच्यावर नजर ठेवावी लागते, कारण त्यांच्यामुळे डोळ्यातला दाब वाढतो.

खटाव तालुक्यातली एक बाई मला विसरता येत नाही. रोपण उत्तम झालं होतं, सूनबाईचा चेहरा तिला स्पष्ट दिसू लागला होता. आठ महिन्यांनी तिनं थेंब बंद केले. ‘आता चांगलं दिसतंय, औषध कशाला?’ असा साधा हिशेब. त्यातच एक टाका सैल झाला. केसाहून बारीक नायलॉनचा तो टाका सैल झाला की त्याच्या कडेनं रक्तवाहिनी आत येते. तेवढा रस्ता पुरतो. डोळा लाल झाला तेव्हा ज्वारीची काढणी चालू होती. ती आली तीन आठवड्यांनी. चकती पांढरी झाली होती. चूक मी तिची मानत नाही. टाका सैल होतो, थेंब वर्षभर किंवा त्याहून जास्त लागतात, लाली आली तर त्याच दिवशी यायचं, हे तिला तिच्या भाषेत बसवून सांगणं माझं काम होतं. त्या दिवसापासून मी शस्त्रक्रियेच्या आधी रुग्णाच्या सुनेला किंवा मुलाला समोर बसवून सगळं पाठ म्हणून घेऊ लागलो.

शास्त्र थांबलेलं नाही. आता सबंध चकती बदलण्याऐवजी बिघडलेला थर तेवढाच बदलता येतो. आतला पातळ थर तेवढा बसवला तर परकं द्रव्य फारच थोडं जातं. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी तुलनेत दोन वर्षांत नकाराचं प्रमाण पूर्ण चकतीत अठरा टक्के होतं आणि या पातळ थरात एक टक्का. उसाच्या पानानं पडलेल्या फुलाला ही रीत उपयोगाची नाही, कारण तिथं डाग वरच्या थरांत असतो. पण आतला थर शाबूत असेल तर उलट करता येतं: वरचं बदलायचं, आतलं रुग्णाचंच ठेवायचं. मग ज्या थरावर नकाराचा खरा घाला पडतो तो थर परका उरतच नाही. हात फार सराईत लागतो, वेळ जास्त लागतो, पण आपल्या भागातल्या तरुण रुग्णांसाठी जिथं शक्य असेल तिथं हाच मार्ग आधी पाहावा. रक्तवाहिन्या आणि लसिकावाहिन्या आधीच रोखून सहिष्णुता परत आणण्याचे प्रयत्नही जोरात चालू आहेत. बरेचसे अजून उंदरांवर आहेत.

शेवटी दानाविषयी. 1949 साली सातारा जिल्ह्याचे दोन भाग झाले आणि 1960 पर्यंत सांगली जिल्ह्याचं नाव दक्षिण सातारा होतं. मृत व्यक्तीचा कॉर्निया घेण्यासाठी मुंबई राज्यानं 1957 साली कायदा केला, तो या दक्षिण साताऱ्यालाही लागू होता. म्हणजे इथं बसलेल्या ज्येष्ठांच्या बालपणापासून हे दान कायद्यानं शक्य आहे. तरीही घरात मृत्यू झाला की पहिले सहा तास रडण्यात, पाहुण्यांना फोन करण्यात आणि वाट पाहण्यात जातात. डोळे त्या सहा तासांतच घ्यावे लागतात. काढायला पाव तास ते वीस मिनिटं लागतात आणि चेहरा विद्रूप होत नाही. चष्मा होता, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, मधुमेह होता, तरी चालतं. फॉर्म भरलेला नसला तरी जवळच्या नातेवाइकांनी हो म्हटलं की पुरतं. पंखा बंद करा, पापण्या मिटा, त्यांवर ओला कापूस ठेवा, डोकं उशीवर थोडं उंच ठेवा आणि नेत्रपेढीला कळवा. तापोळ्याच्या पलीकडच्या वाडीतून हे जमणार नाही, मला ठाऊक आहे. सांगली, मिरज, कऱ्हाड, सातारा या शहरांतून आणि रस्त्यावरच्या प्रत्येक गावातून जमू शकतं.

आणि तुमच्यापैकी कुणाच्या घरात, भावकीत, शेजारी बुबुळरोपण झालेलं माणूस असेल, तर आज घरी गेल्यावर त्याला दोन गोष्टी विचारा. थेंब घातले का? डोळा लाल तर नाही ना? लाल असेल तर उद्या सकाळच्या पहिल्या एसटीनं त्याला डॉक्टरकडे घेऊन जा.